नांदवत नाही

“बाई, एका अक्षरासाठी कागद अडवून ठेवलेत म्हणे?”

देशपांडे वकिलांचा आवाज नेहमी त्यांच्या आधी जिना चढायचा. मागून ते आले, धापा टाकत, काळा कोट हातावर घेऊन. मी मशीनमधून कागद काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. एका बाईची कोर्टातली जबानी होती. सगळी इंग्रजीत टाइप झाली होती, फक्त मधली एक ओळ कोरी होती.

“हे काय?”

“ते वाक्य मला कळत नाही.”

“तुम्हाला? मराठी वाक्य?” ते हसले. मूळ कागद हातात घेऊन त्यांनी मोठ्याने वाचलं. “‘मला नांदवत नाही म्हणून मी माहेरी राहते.’ यात न कळण्यासारखं काय आहे?”

“यातला ‘व’ कुणाचा, ते कळत नाही.”

ते खुर्चीत बसले. माझ्याकडे खुर्ची एकच होती, म्हणून मी उभी राहिले.

गोष्ट नव्वदनंतरची. जुन्या जालन्यात एका आडत दुकानाच्या वरची खोली मी भाड्याने घेतली होती. पुढच्या अर्ध्या भागात टेबल, टाइपरायटर आणि कोश. पडद्यामागे स्टोव्ह, पलंग आणि मी. काम भाषांतराचं. खालच्या कोर्टातले कागद मराठीत असतात. प्रकरण हायकोर्टात न्यायचं तर ते इंग्रजीत करून द्यावे लागतात. प्रत्येक पानाखाली मी सही करायची, की भाषांतर मुळाबरहुकूम खरं आहे. म्हणजे मुळात आहे तेवढंच आणि मुळात आहे तसंच. मूळ वाकडं असेल तर भाषांतरही वाकडंच हवं. सरळ करून द्यायचा मोह आवरणं, हे या धंद्यातलं निम्मं काम.

लोकांना वाटतं, भाषांतर कोश उघडून होतं. कोशात शब्द सापडतो. पण कोर्टाच्या कागदातला शब्द शेंगेसारखा फोडून बघावा लागतो. पुढे लागलेला तो उपसर्ग, आतला दाणा म्हणजे धातू, मागे चिकटलेला तो प्रत्यय. आमच्याकडे निजामाच्या वेळचेही कागद येतात, त्यामुळे उपसर्गसुद्धा दोन घरचे. ‘दखल’ला ‘बे’ लागला की माणूस शेताबाहेर. ‘हजर’ला ‘गैर’ लागला की दारात वॉरंट. एकदा एका टायपिस्टाने, सोसायटीच्या सचिवाने रकमेचा ‘अपहार’ केला, असं लिहायच्या जागी ‘उपहार’ केला असं लिहिलं. उपहार म्हणजे भेट. पैसे खाल्लेला माणूस एका अक्षरात दानशूर झाला. सचिवांच्या वकिलांना तो कागद फार आवडला होता.

पण उपसर्गाची चूक दिसते तरी. तो बिचारा तोंडावरच बसलेला असतो. प्रत्यय मागे असतो, आणि मागचं कुणी बघत नाही.

“आधी नांदणं घ्या,” मी वकिलांना म्हटलं. “लग्न झालेली बाई सासरी त्या घराची होऊन राहते, त्याला आपण नांदणं म्हणतो. पुरुष नांदत नाही, तो नुसता राहतो. इंग्रजीत हा शब्दच नाही, तरी कसाबसा बसवता येतो. पण ‘नांद’च्या पुढे ‘व’ लागला की पंचाईत होते.”

“कशी?”

मी त्यांना खिडकीशी बोलावलं. खाली ट्रक लागला होता. मुकादम ओरडत होता, “अरे, पोती चढवत का न्हाई रे?” आणि आमच्या जिन्याच्या पायरीवर दुकानाचे मालक, म्हातारे शेठजी, बसले होते. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला रोज एकच गाऱ्हाणं सांगायचे, “आता जिना चढवत न्हाई बाबा.”

“दोघांचा शब्द एकच आहे बघा,” मी म्हटलं. “मुकादमाच्या ‘चढवत नाही’मध्ये कुणीतरी दुसऱ्याला चढवायचं असतं आणि तो चढवत नसतो. शेठजींच्या ‘चढवत नाही’मध्ये दुसरं कुणी नाहीच. गुडघ्यात बळ नाही, एवढंच. एक ‘व’ करवून घेणाऱ्याचा आणि दुसरा ‘व’ बळाचा. दिसायला जुळे आहेत.”

वकील माणूस हुशार. त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी जबानी पुन्हा वाचली, या वेळी मनात.

‘मला नांदवत नाही.’ पहिला ‘व’ घेतला, तर नवरा मला घरात ठेवून घेत नाही. दुसरा घेतला, तर तिथं राहणं माझ्याच्यानं होत नाही. पहिल्यात बाईला बाहेर ठेवलेलं आहे. दुसऱ्यात ती आपल्या पायानं निघून आलेली आहे.

आणि त्यावर एक मुलगी कुणाकडे राहणार, हे ठरलं होतं.

बाईचं नाव कुशावर्ता. माहेर भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई. शेतीवाडीवालं, खाऊनपिऊन सुखी घर. तिची मुलगी शीतल, नुकती शाळेत जायला लागलेली, बापाकडे होती. मुलगी आपल्याकडे द्यावी म्हणून कुशावर्तानं अर्ज केला होता. तो फेटाळला गेला. निकालात लिहिलं होतं, की सासरी राहणं सहन होत नव्हतं असं अर्जदार स्वतःच सांगते, आणि जी आई स्वतःच्या सोयीसाठी लेकरू मागे टाकून निघून आली, तिच्या हवाली ते लेकरू करणं हिताचं नाही. त्या न्यायाधीशांनी दुसरा ‘व’ वाचला होता.

“मंग लिहा ना तुम्ही पहिला,” वकील म्हणाले. “नवरा ठेवून घेत नाही. दोन्ही अर्थ होतात ना? आपल्या कामाचा घ्या.”

“आणि खाली सही कोण करणार? मुळाबरहुकूम खरं म्हणून?”

“बाई, त्या पोरीचा विचार करा.”

“तोच करते आहे. मला एकदा त्या बाईला भेटू द्या.”

ते कुरकुरत उठले. निरोप पाठवतो म्हणाले. जिन्यात शेठजींना ओलांडताना ते काहीतरी पुटपुटले, ते मला ऐकू आलं नाही आणि ते बरंच झालं.

त्या दोन-चार दिवसांत मी दुसरी कामं उरकली. माझ्या कामाचं एक सांगते. दिवसभर माझ्या खोलीत माणसांची गर्दी असायची. भावाभावांची भांडणं, सासूसुना, बांध कोरणारे, साक्ष फिरवणारे. सगळे बोलायचे, रडायचे, शपथा घ्यायचे. आणि त्यातलं कुणीच माझ्याशी बोलत नसायचं. संध्याकाळी मशीनवर कापड टाकलं की खोली एकदम रिकामी व्हायची. खाली शटर पडायचं. हमालांचा आवाज, मिरचीचा ठसका, ऑटोचे हॉर्न, सगळं हळूहळू पुलाकडे निघून जायचं. आई गेल्यापासून घरात माझं नाव घेऊन हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. भाऊ पुण्याला. त्याचा फोन खाली शेठजींकडे यायचा, तोही सणासुदीला. बाहेर मी ‘टायपिंगवाल्या बाई’.

मला त्या वेळी एक खोड लागली होती. शब्द फोडत बसायचं. ‘एक’ हा आकडा. त्याला ‘टी’ लागली की आकड्याचं माणूस होतं, एकटी. इथपर्यंत काही वाईट नाही. त्याला ‘पणा’ लागला की मात्र ते अंगात मुरलेल्या दुखण्यासारखं होतं. मी एकटी आहे, हे मी कुणालाही सांगत असे. एकटेपणाचं कधी कुणाला बोलले नाही. मला त्याची भीती वाटायची.

आणि ‘करमत नाही’ हा तर मोठा चमत्कारिक शब्द. एका नव्या सुनेच्या जबानीत आला होता, ‘मला तिथं करमत नव्हतं.’ इंग्रजीत ‘मी’ पुढे घालून ‘मी एकाकी होते’ असं काहीतरी करावं लागलं. पण मराठीत तिथं ‘मी’ नाही. ‘मला’ आहे. करमणं आपण करत नाही आणि दुसराही कुणी करत नाही. ते होतं किंवा होत नाही. कर्ताच नाही, तर तक्रार कुणावर करणार? त्या दिवशी मी ते पान दोनदा टाइप केलं आणि दोन्ही वेळा चुकलं.

कुशावर्ता आली ती वडिलांबरोबर. किसनराव म्हणजे उंच, पांढराशुभ्र फेटा, बोलायला कमी. ते खालीच शेठजींजवळ टेकले. ती वर आली, दारात चप्पल काढली, आणि खुर्ची दाखवली तरी खाली सतरंजीवर बसली. मग मीही खाली बसले. देशपांडे वकील खिडकीशी उभे राहिले. त्यांना मी आधीच बजावलं होतं, मध्ये बोलायचं नाही. तिच्या तोंडात शब्द घालायचा नाही. मी ‘नांदवणं’ हा शब्दसुद्धा उच्चारणार नव्हते.

“कोर्टात काय सांगितलंत, ते मला जसंच्या तसं सांगा,” मी म्हटलं. “माहेरी कशा आलात?”

“दिवाळीला आल्ते जी. पोरीला घेऊन येत व्हते, तर सासू म्हनली, तिच्या शाळंला अजून सुट्टी न्हाई लागली, तू जाऊन ये. भाऊबीज झाली. न्यायला कुनीच आलं न्हाई. मंग दादाच घेऊन गेले मला, हे खाली बसलेत ते.”

“मग?”

“दाराला कुलूप. शेजारची म्हनली, आत्ता व्हते सगळे. आम्ही दिवस कलेपस्तोर वट्ट्यावर बसलो. आतून पोरीचा आवाज आल्ता मला. दादा म्हनले, भास झाला तुला. भास न्हाई झाला. माझी पोरगी मला वळखू येती का न्हाई?”

वकिलांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

“मग कोर्टात काय म्हणालात?”

“हेच म्हनले. तर साहेब म्हनले, येवढं नको, थोडक्यात सांगा. मंग मी म्हनलं, मला नांदवून न्हाई राह्यले, म्हनून मी म्हायेरी राहते.”

“पुन्हा सांगा.”

“मला नांदवून न्हाई राह्यले.”

मी ते अक्षर न अक्षर लिहून घेतलं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या विदर्भाला लागून असलेल्या भागात ‘करत आहेत’ असं कुणी म्हणत नाही, ‘करून राह्यले’ म्हणतात. ‘नांदवून न्हाई राह्यले’ म्हणजे ‘नांदवत नाहीत’. आता ते शेवटचं ‘ले’ बघा. ते ‘ले’ म्हणजे ‘ते’. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, परक्या माणसांपुढे ‘ते’सुद्धा म्हणायला जीभ अडते, म्हणून तिनं नवऱ्याला वाक्यातून गाळलं होतं. पण क्रियापदाच्या शेपटाला तो तसाच लटकून राहिला होता. तिच्याच जिवावर आलं असतं, तर आपल्याकडची बाई ‘राह्यलं’ म्हणाली असती. ले आणि लं, एवढाच फरक.

जबानी उतरून घेणारा माणूस दुसऱ्या भागातून बदलून आलेला असणार. वाईट हेतू काहीच नव्हता. त्याला ती भाषा अशुद्ध वाटली आणि त्यानं ती शुद्ध केली. ‘नांदवून न्हाई राह्यले’चं ‘नांदवत नाही’ केलं. भाषा धुताना नवरा वाहून गेला.

“सही करायच्या आधी वाचून दाखवलं होतं का तुम्हाला?” मी विचारलं.

“दाखवलं की. ‘मला नांदवत नाही.’ मी म्हनलं, हा, बराबर हाय.”

तिच्या दृष्टीने बरोबरच होतं. तिनं आपला ‘व’ ऐकला, न्यायाधीशांनी त्यांचा. दोघांपुढे वाक्य एकच होतं आणि दोघांनाही ते बिलकुल स्पष्ट वाटलं.

ती खाली गेल्यावर वकील टाळी वाजवायचेच बाकी होते. “झालं! आता टाका, नवरा ठेवून घेत नाही.”

“नाही टाकता येणार.”

“अहो, आत्ता तुमच्यासमोर बोलली ती!”

“ती बोलली. कागद नाही बोलला. कागदावर ‘नांदवत नाही’ आहे आणि मी कागदाचं भाषांतर करते.”

“मंग तिला बोलावलं कशाला? टाइमपास?”

“ऐका. मी दोन्ही अर्थ लिहिते. खाली टीप देते, की मूळ मराठी वाक्याचे दोन अर्थ होतात आणि कर्ता गाळलेला आहे. तुम्ही तिचं शपथपत्र करा. तिच्या बोलीत, एक अक्षर न सुधारता. ते मी वेगळं भाषांतर करून देते.”

“दोन अर्थ म्हणजे माझी निम्मी केस गेली, बाई.”

“आत्ता पूर्ण गेलेली आहे, वकीलसाहेब. निम्मी परत येतेय.”

ते रागावले. दुसऱ्या भाषांतरकाराकडे जातो म्हणाले. मी कागद बांधून त्यांच्या हातात दिले. ते जिन्यापर्यंत गेले, तिथं शेठजींशी काहीतरी बोलले आणि परत वर आले. “शेठजी विचारून राह्यले, काय भांडण लागलं म्हणून. मी काय सांगू त्यांना? ‘व’चं भांडण आहे म्हणून?” मग स्वतःच हसले. “करा टीप.”

शपथपत्र करताना त्यांच्या टायपिस्टाने सवयीने ‘न्हाई’चं ‘नाही’ केलंच. मी ते परत पाठवलं. पुन्हा आलं तेव्हा ‘राह्यले’चं ‘राहिले’ झालं होतं. शेवटी ते वाक्य मी माझ्याच मशीनवर, माझ्या हातानं टाइप केलं. शुद्धलेखनात आयुष्य गेलेल्या बाईला अशुद्ध लिहायला किती जपावं लागतं, ते त्या दिवशी कळलं.

हायकोर्टात काय झालं ते वकिलांनीच येऊन सांगितलं. न्यायमूर्ती मराठी मुलखातले नव्हते. त्यांनी टीप वाचली आणि विचारलं, एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ कसे होतील? देशपांड्यांनी तिथं चक्क मुकादम आणि शेठजी सांगितले. समोरच्या वकिलांनी बराच आक्षेप घेतला. शेवटी एवढंच झालं, की निकाल रद्द, प्रकरण खाली परत, आणि बाईची जबानी पुन्हा घ्यायची. या वेळी तिच्या शब्दांत.

ती पुन्हा घेतली गेली. कुलूप, वट्टा, आतला आवाज, सगळं कागदावर आलं. शेजारणीलाही बोलावलं, आणि तिनं तोंड उघडलं. शीतल आईकडे आली. बापाला सुट्ट्यांमध्ये भेटायची मुभा मिळाली. यात जो काळ गेला, तेवढ्यात पोरगी समोरचे दुधाचे दात पाडून मोकळी झाली होती. तो काळ काही कुठल्या अपिलात परत मिळत नाही.

एक दिवस कुशावर्ता तिला घेऊन आली. किसनरावांनी तुरीच्या डाळीची पिशवी पाठवली होती. ती टेबलाखाली ठेवून कुशावर्ता पाणी प्यायला पडद्यामागे गेली. पोरगी मशीनची बटणं बघत उभी राहिली. समोरचे दात नुकते येत होते. तिनं खोली नीट बघून घेतली.

“इथं तुमी एकट्याच राहता?”

“हो.”

“तुमाला करमतं?”

“करमतं की.”

ती विचारात पडली. माझं उत्तर तिला पटलेलं दिसलं नाही.

“कोन करमवतं?”

“गप गं!” आई आतून ओरडली. “काय बी इचारती. मनाला लावून नका घेऊ बाई.”

मी हसले. करमणं कुणी करत नाही, असं इतकी वर्षं मी धरून चालले होते. या पोरीनं एक ‘व’ लावला आणि त्याला कर्ता मागितला. कुलूपबंद दारामागे राहून आलेलं लेकरू ते. माणूस कुणीतरी करमवलं तरच करमतं, हे तिला माहीत होतं. मी खिडकीबाहेर बघितलं, कोशांकडे बघितलं. सांगण्यासारखं एकही नाव नव्हतं.

“कुणी नाही गं,” मी म्हटलं. एवढं खरं मी आजवर कुणाशी बोलले नव्हते.

“मंग आमच्या गावाला या. आमच्याकडं लई मानसं हायत.”

“येईन,” मी म्हटलं.

आता मशीन कापडाखाली आहे. शेठजी गेले, दुकान त्यांच्या मुलानं नव्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, नेलं. काम शिकायला कुणी आलं की मी एकच गोष्ट सांगते, वाक्यात कर्ता दिसला नाही तर विचारा. गाळलेल्या कर्त्याचं ओझं शेवटी जो गप्प असतो त्याच्या डोक्यावर येतं.

पिंपळगाव रेणुकाईला इथून एस.टी. जाते. स्टँडवर मी एक-दोनदा गेलेही, गाडी लागलेली बघितली आणि परत आले. त्यांनी बोलावलं नाही असं नाही. मलाच जाववत नाही.

या ‘व’बद्दल मात्र मला शंका नाही.